नऊ एकांचा वर्ग आणि हातचा

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ ही सतरा अंकी संख्या उलटसुलट कशीही वाचली तरी तीच राहते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामे धरल्यास तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो; ‘परार्ध’ हे त्याच्या लगतचे स्थान. १ हा अंक नऊ वेळा लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग होय. देवळालीस १९३० ते १९६२ पर्यंत शाळाशिक्षक असलेले गणिती द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांचा अभ्यास करून त्यांस ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले.

वर्गात ही संख्या बहुधा गंमत म्हणून दाखविली जाते आणि पाठ तेथेच संपतो. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, असे पाहत गेलेला विद्यार्थी हा क्रम अखंड चालणार असे मनाशी ठरवितो. पहिली नऊ उदाहरणे त्याला दुजोराही देतात. तरीही त्याचा निष्कर्ष खोटा असतो, आणि तो खोटा का, हे त्याला त्याच्याच पाटीवर कळू शकते.

त्यासाठी गुणाकार उभा मांडावा. ११११ × ११११ मध्ये ११११ च्याच चार ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली, अशा येतात. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. पुढे संख्या तशीच उतरते. म्हणजे उत्तरातील प्रत्येक अंक ही त्या स्तंभातील एकांची केवळ मोजदाद आहे. नऊ ओळींपर्यंत मधला स्तंभ नवावर थांबतो, म्हणून हातचा येत नाही.

आता दहा एकांचा वर्ग करू द्यावा. मधल्या स्तंभात दहा १ येतात. ० मांडून हातचा १. डावीकडील नवात तो मिळून पुन्हा दहा. पुन्हा ०, हातचा १. त्यापुढील ८ चे ९ होतात आणि हातचा संपतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा आठ कोठे गेला, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात. उत्तर लगेच सांगू नये.

वरच्या वर्गांस आणखी एक गोष्ट दाखविता येईल. मूळ संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि तिला ८१ ने नि:शेष भागही जातो. परंतु बेरजेवरून ८१ ची कसोटी लावणे बरोबर नाही. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ असूनही तिला २७ ने भागल्यास ९ उरतात. ही कसोटी ३ व ९ पुरतीच खरी. येथे भाग जातो तो निराळ्या कारणाने: १११११११११ = ९ × १२३४५६७९, म्हणून त्याच्या वर्गात ९ × ९ असणारच.