एटीव्ही क्रेनने उचलताय? वजनापेक्षा पट्ट्याचा कोन बघा

(या भागाची ही लिखित प्रत. वाचायला सोपं जावं म्हणून बोलणं थोडं आवरून घेतलंय.)

नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर वाळूत पळणारी ती जाड टायरची चारचाकी तुम्ही पाहिली असेलच. तीच एटीव्ही. ही गाडी ट्रकवर न्यायची वेळ आली की चालू असेल तर रॅम्पवरून चढवता येते. पण इंजिन बंद असेल, ट्रकचा हौदा उंच असेल, तर हायड्रा क्रेन बोलावतात. आणि मग कुणीतरी म्हणतं, "अरे, क्रेन १४ टनांची, गाडी ३०० किलोची. काय होतंय?"

होतं. कारण इथे धोका एकट्या वजनाचा नसतो. पट्टा कोणत्या कोनात आहे आणि माणूस कुठे उभा आहे, यावर सगळं ठरतं.

कोनाचं गणित

समजा ३०० किलोची गाडी दोन पट्ट्यांवर टांगली. पट्टे सरळ उभे असतील तर प्रत्येकावर १५० किलो ताण. आता तेच पट्टे तिरके करा. आडव्या रेषेपासून कोन ६० अंश असेल तर प्रत्येकावर साधारण १७३ किलो. ४५ अंशांवर २१२. आणि ३० अंशांवर? प्रत्येक पट्ट्यावर अख्खे ३०० किलो! गाडी तीच, फक्त पट्टे आखूड घेतले. शिवाय आखूड पट्टे आतल्या बाजूलाही खेचतात, त्यामुळे कॅरियर वाकतं, प्लास्टिक फुटतं, पट्टा सरकतो.

कोन मोजायला ॲप नको. पट्टे बांधायच्या दोन जागांमध्ये जेवढं अंतर, किमान तेवढा लांब प्रत्येक पट्टा घ्या. ६० अंश आपोआप मिळतात. चार पट्टे असतील तर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर धरा. आणि चार पट्टे म्हणजे वजनाचे चार समान वाटे, असं समजू नका. एखादा थोडा जरी सैल राहिला तरी सगळं वजन दोघांवरच येऊ शकतं. म्हणून हिशोब दोनचाच करायचा.

कुठे बांधायचं?

हँडल, कॅरियर, बंपर, प्लास्टिक यातलं काहीही नाही. पट्टा गाडीच्या मुख्य फ्रेमला, पुढे आणि मागे, धारदार कडेला जाड रबर किंवा गोणपाट लावून. पट्ट्यावरचं लेबल वाचा: जांभळा पट्टा सहसा १ टनाचा, हिरवा २ टनांचा. पट्टा कापलेला, जळालेला असेल, लेबलच नसेल, तर तो बाजूला ठेवा. गाठ मारून लांबी कमी करायची नाही, गाठीने पट्ट्याची ताकद घटते.

उचलण्याआधी

चावी काढा, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करा, सुटं सामान उतरवा. वर विजेच्या तारा आहेत का ते बघा. तारेला न टेकताही, नुसतं जवळ गेल्यानं बूममध्ये करंट उतरू शकतो. क्रेन कडक, सपाट जमिनीवर हवी. आणि ते १४ टन फक्त बूम जवळ असताना. बूम जितका लांब काढाल, तितकी क्षमता झपाट्याने घसरते. वाळूत रुतलेली गाडी क्रेनने तिरकी ओढायची तर मुळीच नाही. हूक गाडीच्या बरोबर वर आणा, मगच उचला.

उचलताना

आधी फक्त १०-१५ सेंटिमीटर उचला आणि थांबा. पुढचं टोक खाली झुकतंय? गाडी खाली ठेवा, पट्टे बदला, पुन्हा उचला. हा अर्धा मिनिट सगळ्यात महत्त्वाचा.

तोल साधायला एखाद्या पोराला गाडीवर बसवतात किंवा "जरा हाताने धर रे" म्हणतात. नका करू. गाडी फिरू नये म्हणून तिला लांब दोरी बांधा आणि बाजूला उभं राहून धरा. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. ऑपरेटरला इशारा एकाच माणसाने द्यायचा. पण "थांब!" मात्र कुणीही म्हणू शकतं, आणि ते ऐकायचंच.

हौद्यात टेकल्यावर लगेच पट्टे सोडू नका. आधी हँडब्रेक, चाकांना ओट, चारही कोपऱ्यांना रॅचेट बेल्ट. मग हूक मोकळा.

तुम्ही क्रेन चालवणार नाही, मला माहीत आहे. पण मदतीला हाक मारतात ती आपल्यासारख्यांनाच. तेव्हा एवढं लक्षात ठेवा: टांगलेल्या वजनाखाली आपण नाही, आपला हातही नाही. गाडी पडली तर दुरुस्त होते.

भाग आवडला तर गाडी-ट्रकवाल्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात!