विकृतीवर आधारित सांत घटक : पटल व पट्ट यांच्या विश्लेषणाची एक वेगळी रीत

सांत घटक पद्धती, म्हणजे अभियंत्यांच्या नित्य बोलण्यातील फायनाइट एलिमेंट मेथड, १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांच्या विमानरचनाविषयक निबंधातून पुढे आली. तिला हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. संरचनेचे लहान तुकडे पाडावयाचे, कोपऱ्यांची विस्थापने अज्ञात मानावयाची आणि तुकड्याच्या आतील विस्थापन सोप्या बहुपदीने व्यक्त करावयाचे, ही तिची रूढ रीत होय. विस्थापनाचे अवकलन केले की विकृती मिळते. अडचणीचे मूळ येथेच आहे. विकृती कशी निघेल, यावर अभ्यासकाचा ताबा राहत नाही.

स्वतःच्या प्रतलातच भार घेणाऱ्या पटलाचा चार कोपऱ्यांचा आयताकृती घटक उदाहरणादाखल घ्यावा. शुद्ध नमनात त्याच्या वरच्या व खालच्या कडा कमानीसारख्या वळतात आणि कर्तन-विकृती शून्य असते. रूढ घटकाच्या कडा मात्र सरळच राहतात. परिणामी कोपऱ्यांचे कोन बदलतात आणि वास्तवात नसलेले कर्तन गणितात शिरते. प्वासाँ गुणोत्तर शून्य धरल्यास अशा एका घटकाची नमनातील दृढता खऱ्या दृढतेच्या किती पट भरते, हे लांबी-उंचीच्या गुणोत्तराच्या वर्गाची निम्मी अधिक १ या राशीने कळते. लांबी उंचीच्या ४ पट असल्यास उत्तर ९ येते, १० पट असल्यास ५१! संगणकाने दाखविलेला वाक तेवढ्याच पटीने कमी असतो, आणि ही चूक असुरक्षित बाजूची आहे. जाळी बारीक केल्यास ती घटते, परंतु गणन वाढते.

कार्डिफ येथील अ‍ॅशवेल व साबीर यांनी क्रम उलटा केला. १९७२ मधील त्यांचा दंडगोल कवचाचा घटक साध्या व परस्परांपासून स्वतंत्र विकृती-फलांवर उभा होता. पटलाच्या आयतात एकूण ८ अज्ञाते असतात. प्रथम सर्व विकृती शून्य ठेवून समाकलन केले की दोन सरकणी व एक फिरणे यांची ३ पदे अचूक मिळतात. उरलेले ५ स्थिरांक विकृतींत वाटले जातात : दोन्ही सरळ विकृतींना प्रत्येकी एक स्थिर व एक रेषीय पद, कर्तनास केवळ एक स्थिर पद. समाकलनाने विस्थापनात वर्गपदे आपोआप येतात आणि कडा वळू शकतात. विकृतींची सुसंगती-अट पाळणे मात्र अनिवार्य आहे. अन्यथा समाकलनच शक्य होत नाही.

प्रतलाला लंब भार घेऊन वाकणाऱ्या पट्टाची जाडी घटत गेली की हेच कृत्रिम कर्तन घटकास जखडून टाकते. बेलूनार व गुएनफूद या अल्जेरियन अभ्यासकांनी २००५ मध्ये कर्तन-विकृती विचारात घेणाऱ्या पट्टासाठी विकृतीवर आधारित आयताकृती घटक मांडला.

या रीतीचीही किंमत आहे. कडेवरील वर्गपद दोन टोकांच्या विस्थापनांनी निश्चित होत नाही. म्हणून शेजारील घटकांच्या कडा तंतोतंत जुळतीलच असे नाही. त्यामुळे दृढता नेहमी जास्तच येईल, ही सुसंगत विस्थापन-घटकांची हमी येथे उरत नाही.