तान्ह्या बाळाच्या रक्ताची तपासणी "मग पाहू" म्हणून टाळू नका



शेतकी खात्याचा माणूस बाळंतिणीच्या खोलीत कशाला डोकावतो, असे कुणी म्हणेल. पण माजरी-भद्रावतीच्या बाजूला पेरणीआधी गावोगाव फिरताना एक गोष्ट नेहमी दिसते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहणारा घरधनी घरातल्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची तपासणी मात्र "मग पाहू" म्हणून सोडून देतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात हे "मग" फार महाग पडते. इथल्या पुष्कळ घरांत सिकलसेलचा दोष पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून चालत आलेला आहे.

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, बारीकशा नळीतूनही वाकून निघून जातात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. ठिबकच्या नळीत कचरा अडकला की पुढचे झाड सुकते, तसे रक्त अडते आणि त्या जागी असह्य कळा येतात. शिवाय चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वाकडी पेशी १०-२० दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही.

आता खरी मेख इथे आहे. असे बाळ जन्मते तेव्हा गुटगुटीत असते. पोटात असतानाचे त्याचे रक्तद्रव्य वेगळ्या जातीचे असते आणि ते पेशीला वाकू देत नाही. हे जुने रक्तद्रव्य हळूहळू कमी होत जाते, आणि पाच-सहा महिन्यांनंतर दोष वर येऊ लागतो. हातापायांचे पंजे सुजतात, बाळ हात लावू देत नाही, डोळे पिवळसर दिसतात, ताप वरचेवर येतो. घरचे म्हणतात, दृष्ट लागली. कुठे सुनेला बोल लावतात. हे शुद्ध अन्यायाचे आहे. आजारी बाळाला हा दोष आई आणि बाप दोघांकडून मिळालेला असतो, एकटीच्या माथी तो मारता येत नाही.

हिशेब सोपा आहे. एकाच बाजूने दोष आला तर माणूस "वाहक" होतो. तो नांगर धरतो, कापूस वेचतो, त्याला बहुधा काही त्रास नसतो. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता आजारी बाळाची, दोन वाहकाची आणि एक निर्दोष बाळाची. "दर बाळंतपणाला" हे शब्द नीट ध्यानात ठेवा. पहिली तीन निरोगी झाली म्हणून चौथे आजारीच होईल असे नाही, आणि पहिले आजारी झाले म्हणून पुढची सुटली असेही नाही. दोघांपैकी एकाचे रक्त तपासणीत पूर्ण निर्दोष निघाले, तर सिकलसेलचे बाळ होत नाही. लग्नाआधी तपासणी करा म्हणतात ते याचसाठी.

हा दोष आपल्याच भागात इतका का, असा प्रश्न गावात हटकून येतो. उत्तर हिवतापात आहे. वाहक माणसाला जीवघेण्या हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. म्हणून जंगलपट्ट्यातल्या लोकांत हा दोष टिकून राहिला. तो एका जातीचा किंवा एका जमातीचा नाही. शिकागोत १९१० साली या आजाराची पहिली नोंद झाली, आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ नंतर काम सुरू केले, तेव्हा तिथेही सिकलसेल असल्याचे त्यांच्या पाहणीत दिसले. १ जुलै २०२३ रोजी देशभरची सिकलसेल निर्मूलन मोहीम मध्य प्रदेशात शहडोल येथे सुरू झाली. चंद्रपुरात रक्तद्रव्याच्या आजारांवर संशोधन आणि उपचार करणारे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. म्हणजे आता मुंबई गाठायची गरज नाही.

नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन यंत्रावर तपासणी होते. शिबिरात नळीत रक्त गढूळ होते का ते पाहतात, ती तपासणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला चालत नाही, हे आशाताईंना विचारून घ्या. दोष निघाला तर घाबरू नका. दुसऱ्या महिन्यापासून पाचव्या वर्षापर्यंत पेनिसिलीन, सगळ्या लसी वेळेवर, फॉलिक ॲसिड, आणि डॉक्टर ठरवतील तेव्हा हायड्रॉक्सियुरिया. एवढ्याने पुष्कळ बाळे वाचतात. लोहाच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नका. बाळाला शेतावर नेलेत तर सावली आणि दूध-पाणी यांत कसूर नको. डाव्या बरगडीखाली पानथरी कशी चाचपायची ते आईने शिकून घ्यावे. ती एकाएकी वाढली आणि बाळ पांढरेफटक पडले, किंवा ताप १०१ च्या वर गेला, तर सकाळची वाट पाहू नये.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण गावात दोन्हींची गल्लत होते. डाउन सिंड्रोमच्या बाळालाही रक्ताचा त्रास होतो, पण तो सिकलसेल नव्हे. या बाळात एकविसावे गुणसूत्र एक जास्त असते. १९५९ साली फ्रान्सच्या लेज्यून यांनी ही गोष्ट जगापुढे मांडली. अशा शंभर बाळांत पाच ते दहांच्या रक्तात जन्मतः कच्च्या पांढऱ्या पेशी दिसतात. अहवाल पाहून घरात "कॅन्सर" म्हणून रडारड होते. पण बहुतेकांत त्या पेशी तीन महिन्यांच्या आत आपोआप जातात. काही बाळांचे यकृत मात्र सुजते, त्यांना तातडीने उपचार लागतात. बऱ्या झालेल्यांपैकी साधारण पाचात एकाला चार वर्षांच्या आत रक्ताचा खरा कर्करोग होतो, आणि तो वेळेवर सापडला तर औषधाला चांगला दाद देतो. म्हणून डाउनच्या बाळाचे रक्त पहिल्या आठवड्यातच तपासावे. कच्च्या पेशी निघाल्या तर चौथ्या वर्षापर्यंत डॉक्टर सांगतील त्या मुदतीने पुन्हा पाहावे.

सिकलसेलचा रुग्ण आणि डाउनचे मूल, दोघांनाही २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जागा आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात जाताना रक्ताचे सारे अहवाल आणि लसीकरणाचे कार्ड एकाच पिशवीत न्या.