कुंडीतलं रोप, औषधाची मात्रा

कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत प्रौढांना घरी भांगेची चार रोपं लावता येतात. वेदना किंवा निद्रानाशाने त्रासलेले काहीजण सीबीडी हे भांगेतलं द्रव्य जास्त असलेले वाण निवडतात, कारण सीबीडीने टीएचसी या दुसऱ्या द्रव्यासारखी नशा चढत नाही.

दोन्ही द्रव्यं रोपात सीबीजीए या एकाच आम्लापासून घडतात. कोणतं जास्त बनेल, हे वाणाची जनुकं ठरवतात. ताज्या फुलात सीबीडी आम्लरूपात असतं. उष्णतेने त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की सीबीडी तयार होतं.

खरी अडचण मात्रेची. फुलांपासून घरी काढलेल्या तेलाच्या थेंबात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. अमेरिकेत जून २०१८ मध्ये मंजूर झालेलं ‘एपिडिओलेक्स’ हे शुद्ध सीबीडीचं औषध ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या अपस्मारांवर वजनानुसार मोजून, यकृताच्या तपासण्या करत देतात. क्लोबाझाम या अपस्मारावरच्या दुसऱ्या औषधासोबत घेतल्यास गुंगी वाढू शकते.

भारतात १९८५ च्या कायद्यानुसार परवान्याविना भांगेची लागवड गुन्हा आहे. घरात अपस्माराचा रुग्ण असेल, तर सीबीडीबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. पण चालू गोळ्या स्वतःहून कधीच थांबवू नका.