समजून घ्या : पूच्या कल्चर रिपोर्टला दोन-तीन दिवस का लागतात?

रक्ताच्या साध्या तपासणीचा रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो. जखमेतील पूच्या कल्चरला मात्र दोन-तीन दिवस लागतात. कारण पूमध्ये संसर्ग करणाऱ्या जीवाणूंसोबत त्वचेवरचे इतर जीवाणूही मिसळलेले असतात. त्यांना आधी वेगळे करावे लागते.

समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अगारची जेलीसारखी प्लेट त्यासाठी वापरतात. नमुना प्लेटच्या एका कडेला लावतात. मग तारेचा लूप ज्योतीत तापवून, थंड करून त्या भागातून पुढे रेघा ओढतात. प्रत्येक टप्प्याआधी लूप पुन्हा तापवतात. त्यामुळे जीवाणू विरळ होत जातात. ३५ ते ३७ अंश सेल्सिअस तापमानात १८ ते २४ तासांनी शेवटच्या रेघांवर सुटे ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे साधारणपणे एकाच जीवाणूपासून वाढलेली कॉलनी.

कोणते अँटिबायोटिक लागू पडेल, याची चाचणी याच कॉलनीवर होते. त्यात आणखी एक दिवस जातो. कॉलनी शुद्ध नसेल, तर चुकीचे औषध निवडले जाण्याचा धोका असतो.

नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी द्यावा. औषध आधीच सुरू असेल, तर संसर्ग असूनही प्लेटवर काहीच उगवत नाही, असे होऊ शकते. गोळ्या घेत असाल, तर डॉक्टरांना आणि लॅबला तसे सांगा.