गर्दीच्या संकेतस्थळासाठी होस्टिंगची निवड

आपल्या सभासद बंधूंपैकी अनेकांच्या पेढ्यांची विक्री आता संकेतस्थळावरूनही होते. असे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर भाड्याने ठेवावयाचे, त्या व्यवस्थेस होस्टिंग म्हणतात. तिची निवड करताना बहुधा मासिक भाडे तेवढे पाहिले जाते. आमच्या मते प्रथम करावयाची ती गर्दीच्या दिवसाची मोजणी होय.

समजा, एका संकेतस्थळाची पाने दिवसातून २४,००० वेळा उघडली जातात. म्हणजे तासाला सरासरी १,०००. परंतु धनत्रयोदशीच्या सायंकाळी एकाच तासात ती १८,००० वेळा उघडली गेली, तर सेकंदास ५ पाने पुरवावी लागतील. एक पान २ मेगाबाइटचे धरल्यास सेकंदास १० मेगाबाइटांचा भार झाला. सरासरीवर बेतलेला सर्व्हर नेमका त्याच घटकेस दम तोडतो आणि दारी आलेले गिऱ्हाईक दुसरीकडे वळते.

होस्टिंगचे प्रकार वखारीच्या दृष्टांताने सहज ध्यानी येतील. सामाईक होस्टिंग म्हणजे अनेकांची मिळून एकच वखार. शेजाऱ्याचा माल वाढला की आपली अडचण. आभासी सर्व्हर म्हणजे त्याच वखारीत आखून दिलेला गाळा. स्वतंत्र सर्व्हर म्हणजे सबंध वखार आपली. पण मंदीतही पुरे भाडे अंगावर. क्लाउड होस्टिंगमध्ये हंगामापुरती जागा वाढवून पुढे कमी करता येते. मात्र बिल वापराप्रमाणे येत असल्याने खर्चावर नजर हवी.

करारातील आकडेही तपासून घ्यावेत. '९९.९ टक्के वेळ सेवा चालू' याचा अर्थ, वर्षाच्या ८,७६० तासांपैकी सुमारे पावणेनऊ तास ती बंद राहण्याची मुभा. भरपाईदाखल बहुधा भाड्यात सूट मिळते; बुडालेली विक्री कोणी भरून देत नाही.

शेवटची गोष्ट राखीव प्रतीची. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत भस्मसात झाली. ज्यांची राखीव प्रतही तेथेच होती, अशा काही ग्राहकांची माहिती कायमची गेली. सबब, आपली प्रत दुसऱ्या शहरी ठेवावी व ती पुन्हा उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे.

वहीपूजनापूर्वी आपण वखार झाडून, माल मोजून सिद्ध ठेवतो. तद्वत हंगामापूर्वी एक-दोन महिने संकेतस्थळावर कृत्रिम गर्दीचा भार टाकून त्याची परीक्षा करवून घ्यावी, अशी सर्व बंधूंस आमची नम्र सूचना आहे.