विमानतळांची नावे : गाव, नेता आणि जमीन

विमानतळाला आधी नाव मिळते ते ज्या गावाच्या जमिनीवर तो उभा राहतो त्या गावाचे. दिल्लीचा पालम, कोलकात्याचा डमडम, चेन्नईचा मीनंबाक्कम, मुंबईचा सांताक्रूझ, नागपूरचा सोनेगाव, पुण्याचा लोहगाव, औरंगाबादचा चिकलठाणा ही सारी त्याच जातीची नावे. ती कोणी समारंभपूर्वक दिली नव्हती, ती रुळली. थोर व्यक्तीचे नाव नंतर येते आणि ते सरकारी निर्णयाने येते.

हा प्रघात बाहेरच्या देशांतही जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेला अमेरिकी नौदलाचा वैमानिक एडवर्ड ओ'हेअर याचे नाव शिकागोच्या विमानतळाला १९४९ मध्ये देण्यात आले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या नोव्हेंबर १९६३ मध्ये झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कचा आयडलवाइल्ड विमानतळ केनेडींच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पॅरिसजवळच्या रुआसी येथे १९७४ मध्ये सुरू झालेला विमानतळ शार्ल द गोल यांच्या नावाचा. युरोपने पुढे राजकारण्यांच्या पलीकडेही पाहिले. वॉर्साने संगीतकार शोपँ, लिव्हरपूलने गायक जॉन लेनन आणि बेलग्रेडने शास्त्रज्ञ निकोला टेस्ला यांची नावे विमानतळांना दिली.

भारतात १९८६ मध्ये दिल्लीच्या विमानतळाला इंदिरा गांधी यांचे नाव मिळाले. चेन्नईत १९८९ मध्ये वेगळाच मार्ग निघाला : आंतरराष्ट्रीय टर्मिनल अण्णादुराईंचे आणि देशांतर्गत टर्मिनल कामराज यांचे. डमडमला १९९५ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे, तर मुंबईच्या विमानतळाला १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव लागले. मुंबईच्या नावात 'महाराज' हा शब्द मात्र २०१८ मध्ये जोडला गेला. सोनेगाव २००५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेचा सोहळा झाला, तेथे या नावाला वेगळे औचित्य होते.

महाराष्ट्राबाहेरच्या काही नावांतही मराठी इतिहास आहे. इंदूरचा विमानतळ देवी अहिल्याबाई होळकरांचा आणि ग्वाल्हेरचा राजमाता विजयाराजे शिंदे यांचा. पोर्ट ब्लेअरच्या विमानतळाला २००२ मध्ये सावरकरांचे नाव देण्यात आले. नाशिकजवळच्या भगूरला जन्मलेल्या सावरकरांना १९११ मध्ये पोर्ट ब्लेअरच्याच सेल्युलर जेलमध्ये आणले गेले होते.

नाव बदलण्याची वाट ठरलेली आहे. राज्य मंत्रिमंडळ निर्णय घेते, विधिमंडळ ठराव करते, ठराव नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाकडे जातो आणि शेवटची मोहोर केंद्रीय मंत्रिमंडळाची असते. राज्याचा ठराव झाला म्हणजे नाव लागले असे नाही. कोल्हापूरसाठी छत्रपती राजाराम महाराज, औरंगाबादसाठी छत्रपती संभाजी महाराज आणि लोहगावसाठी जगद्गुरू संत तुकाराम महाराज अशी नावे राज्याने सुचवली. यांतील दोन नावांचा त्या जागेशी थेट संबंध आहे. कोल्हापूरचा विमानतळ राजाराम महाराजांच्याच कारकिर्दीत, १९३९ मध्ये उभा राहिला, आणि लोहगाव हे तुकोबांचे आजोळ.

नाव बदलले तरी तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेत सहसा बदलत नाही. मुंबईला येणाऱ्या बॅगेच्या पट्टीवर आजही 'बीओएम' हीच अक्षरे असतात, म्हणजे जुने बॉम्बे. शहराचे नाव १९९५ मध्ये बदलले, विमानतळाचे १९९९ मध्ये. संकेत होता तिथेच राहिला. शिकागोचा 'ओआरडी' तर ओ'हेअरच्याही आधीच्या ऑर्चर्ड या नावाचा उरलेला अंश आहे. न्यूयॉर्क हा अपवाद. तेथे 'आयडीएल' जाऊन 'जेएफके' आला आणि लोक आता विमानतळालाच जेएफके म्हणतात.

गावाचे नाव आणि नेत्याचे नाव या दोन्ही रीती गोव्यात शेजारी नांदतात. पोर्तुगीज राजवटीत १९५५ मध्ये सुरू झालेल्या दाबोळीला गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचे नाव होते. ते राजवटीबरोबर गेले, दाबोळी राहिले. पेडणे तालुक्यातील मोपा येथील नव्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि त्याच वेळी मनोहर पर्रीकरांच्या स्मरणार्थ 'मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ' हे नाव जाहीर झाले. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी पुढच्या महिन्यात आली. भाऊसाहेब बांदोडकरांचे नाव द्यावे, अशीही मागणी होती.

नावाचा सर्वांत मोठा वाद नवी मुंबईत झाला. हे शहर वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. उरण तालुक्यातील जासईचे दि. बा. पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे नेते. पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार. या भागात ते 'दिबा' म्हणूनच ओळखले जातात. जानेवारी १९८४ मधील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा बळी गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना ही या लढ्याची कमाई. पुढे विमानतळासाठी दहा गावे हलवावी लागली, तेव्हा मोबदल्याची बोलणी साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेली.

त्यामुळे २०२१ मध्ये सिडकोने बाळासाहेब ठाकरे यांचे नाव सुचवताच आगरी-कोळी समाज रस्त्यावर उतरला. १० जूनला मानवी साखळी झाली आणि दिबांच्या स्मृतिदिनी, २४ जूनला, बेलापूरच्या सिडको भवनावर मोर्चा गेला. मुंबई उच्च न्यायालयानेही त्याच वर्षी विमानतळांच्या नामकरणाचे एकसमान धोरण ठरवण्याची अपेक्षा केंद्राकडून व्यक्त केली. जून २०२२ मध्ये ठाकरे सरकारने आपल्या अखेरच्या बैठकीत दिबांचे नाव मान्य केले, शिंदे सरकारने जुलैत तोच निर्णय पुन्हा घेतला आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळाने ठराव केला. तरीही ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले ते 'नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ' याच नावाने.

या साऱ्या उदाहरणांतून एक कसोटी निघते. सत्तेच्या सोयीने सुचलेल्या नावावरून वाद होतात. जागेशी नाते असलेले नाव लोक स्वतःहून लावून धरतात. नामकरणाचे धोरण केंद्राने कधी लिहिलेच, तर त्याचे पहिले कलम हे असावे : जमीन संपादनाची अधिसूचना निघते तेव्हाच, पायाभरणीच्या आधी, त्या गावांचे म्हणणे ऐकून नाव ठरवावे.